कमरेच्या व्रणामागचा कर्करोग ओळखणारे डॉ. खानोलकर

कामरगाव (जि. वाशीम) - कपाशीच्या पट्ट्यात निंदणी-वेचणीला जाणाऱ्या स्त्रीच्या कमरेवर लुगड्याच्या किंवा परकराच्या गाठीचा वळ असतोच. वर्षानुवर्षे त्याच जागी गाठ आवळली जाते, घाम मुरतो, धूळ साचते. वळाची जागा आधी काळवंडते आणि पुढे पांढुरकी होते. कारंजा तालुक्यातील कामरगाव असो वा वऱ्हाडातील दुसरे कोणतेही गाव, या वळाला कोणी रोग म्हणत नाही. बहुतेकींच्या बाबतीत तो रोग नसतोही. मात्र त्याच जागी पडलेली जखम महिनोन्‌महिने भरून येत नसेल, तर ती त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते. कमरेला घट्ट आवळलेले वस्त्र आणि हा कर्करोग यांचा संबंध १९४५ मध्ये वैद्यकविश्वापुढे मांडणारे संशोधक मराठी होते. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

भारतातील विकृतिशास्त्राचे, म्हणजेच पॅथॉलॉजीचे, जनक म्हणून डॉ. खानोलकर वैद्यकवर्तुळात ओळखले जातात. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक, पद्मभूषण असे अनेक मान त्यांना मिळाले. तरीही सर्वसामान्य वाचकाला त्यांचे नाव फारसे परिचित नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची कीर्ती रुग्ण गावोगाव नेतो; काचपट्टीवरच्या पेशी पाहून निदान करणाऱ्याला रुग्ण बहुधा पाहतही नाही. खानोलकरांचे आयुष्य अशा पडद्याआडच्या कामात गेले.

लंडनची पदवी, मुंबईची प्रयोगशाळा

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एमडी ही पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी परदेशी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत दवाखाना थाटून प्रतिष्ठा आणि पैसा दोन्ही मिळवता येत असे. खानोलकरांनी अध्यापनाची आणि प्रयोगशाळेची वाट धरली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये आणि नंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले.

रोगाने शरीराच्या पेशींत, ऊतींत आणि अवयवांत काय बदल घडवला, याचा शोध घेणारे हे शास्त्र. रुग्णाच्या शरीरातून काढलेला मांसाचा तुकडा आधी रसायनात टिकवायचा, मेणात बसवायचा, त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, भोवतालचा भाग गुलाबी दिसतो. निरोगी त्वचेत पेशींचे थर विटांच्या भिंतीसारखे नीट रचलेले असतात. कर्करोगात ही रचना मोडते. पेशी लहानमोठ्या आणि वेड्यावाकड्या होतात, आपली हद्द सोडून खालच्या थरात घुसतात. वरवर साध्या दिसणाऱ्या जखमेचे खरे रूप येथे उघड होते. हे पाहण्याची शिस्त मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना ज्यांनी लावली, त्यांत खानोलकरांचे स्थान वरचे आहे.

कर्करोग आपल्याकडे नाही, हा समज

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोग हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, भारतात तो विरळाच, असा समज डॉक्टरांतही रूढ होता. त्यामागे काही कारणे होती. सरासरी आयुर्मान कमी होते. प्लेग, पटकी, हिवताप आणि क्षय यांनी माणसे कर्करोगाचे वय गाठण्यापूर्वीच जात. बहुसंख्य रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचत नसत आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनाला घरचे राजी नसत. जे नोंदलेच जात नाही ते नाहीच, असे मानले जाई. विश्वनाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी १९३० च्या दशकात देशभरातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून या समजाला धक्का दिला. तरीही भारतीय माणसाला कोणता कर्करोग होतो, कुठे होतो आणि का होतो, या प्रश्नांची उत्तरे बाकी होती.

ती शोधण्याची जागा १९४१ मध्ये तयार झाली. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांच्या संचालकपदाची धुरा डॉ. खानोलकर यांच्याकडे आली. त्या वेळी ते ४५ वर्षांचे होते.

देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण परळला येऊ लागले. आंध्र किनाऱ्यावरचे शेतमजूर, बिहारमधून मुंबईत पोटासाठी आलेले कामगार, पारशी गृहिणी, कोकणातले आणि देशावरचे शेतकरी, सारे एका छताखाली आले. उपचार करणाऱ्यांच्या दृष्टीने प्रत्येक जण स्वतंत्र रुग्ण होता. खानोलकरांनी या सगळ्यांना एकत्र ठेवून पाहिले. रोग कोणत्या अवयवाला आहे याबरोबर रुग्ण कोणत्या प्रांताचा, कोणत्या समाजाचा, काय खातो, काय चघळतो, तंबाखू कशी ओढतो, काय नेसतो, याच्याही नोंदी महत्त्वाच्या ठरल्या. तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा त्यांचा आढावा १९४४ मध्ये अमेरिकेतील शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. मुंबईसारख्या शहरात तोंडाचा कर्करोग किती प्रचंड प्रमाणात आढळतो आणि तंबाखू-पानाच्या सवयींशी त्याचे नाते काय, याकडे या कामाने जगाचे लक्ष वेधले.

तीन सवयी, तीन कर्करोग

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, खानोलकर आणि त्यांच्या सहसंशोधक सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. भारतातील चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते.

पहिला प्रकार चुट्ट्याचा. आंध्र किनारपट्टीवर, विशेषतः विशाखापट्टणमच्या भागात, तंबाखूची जाड विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत होती. त्या धगीने टाळूला कर्करोग होई. अन्यत्र क्वचित दिसणारा हा प्रकार तेथे मोठ्या संख्येने सापडत होता. दुसरा प्रकार खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या खोबणीत धरून ठेवणाऱ्यांना नेमका त्याच खोबणीत कर्करोग होत होता. तिसरा प्रकार धोतराचा. कमरेला कायम घट्ट आवळलेल्या धोतराखाली त्वचेला कर्करोग होतो, हे या निबंधाने दाखवले आणि वैद्यकीय कोशात धोतराचा कर्करोग ही संज्ञा दाखल झाली.

या तिन्ही प्रकारांत एक सूत्र होते. शरीराच्या एकाच जागी तीच इजा वर्षानुवर्षे होत राहिली, की त्या जागेच्या पेशी सतत मरतात आणि सतत नव्या तयार होतात. या अखंड डागडुजीत एखाद्या पेशीच्या वाढीचा ताबा सुटण्याची शक्यता वाढते. हे सूत्र जगाला अगदीच नवे नव्हते. लंडनच्या धुराड्यांत चढून काजळी साफ करणाऱ्या कामगारांना होणारा त्वचेचा कर्करोग पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्ये त्या कामाशी जोडला होता. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी १९१५ मध्ये सशाच्या कानावर डांबर पुनःपुन्हा चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला होता. काश्मीरमध्ये फिरनखाली पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीने पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेला होणारा कर्करोगही तेथील मिशन रुग्णालयातील डॉक्टरांनी नोंदवला होता. खानोलकरांचे वेगळेपण असे, की कारखाना किंवा निखारा नसलेल्या, अंगावरच्या साध्या सुती कापडातही त्यांनी हेच सूत्र ओळखले.

हे ओळखणे सोपे नव्हते. रोज नेसायच्या वस्त्रावर कोणाचा संशय जात नाही. शिवाय कमरेची जागा झाकलेली. ती डॉक्टरांना दाखवायला पुरुषही संकोचत, मग स्त्रियांची गोष्टच निराळी. एकेका डॉक्टरच्या आयुष्यात असे एक-दोनच रुग्ण येणार आणि जुनाट जखम म्हणून मलमपट्टीवर भागणार. एकाच प्रयोगशाळेत शेकडो तुकडे जमा झाले, त्यांच्यासोबत माणसाच्या राहणीची नोंद आली, म्हणूनच हा धागा हाती लागला.

धोतरावरून साडीकडे

धोतराचा वापर पुढे कमी होत गेला; पण कमरेची गाठ गेली नाही. स्त्रियांमध्ये लुगडे, साडी आणि परकर राहिले. साडीच्या गाठीखाली झालेल्या अशा कर्करोगाच्या रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी २००५ मध्ये बॉम्बे हॉस्पिटलच्या नियतकालिकात दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिगत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हा हा विषय जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचला.

त्यांपैकी एक स्त्री सत्तर वर्षांची होती. तिच्या उजव्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरली नव्हती आणि भोवतालच्या त्वचेचा रंग उडाला होता. साडीखाली परकर ती घट्ट बांधत असे. दुसरी स्त्री साठीच्या उत्तरार्धातील. सुमारे चाळीस वर्षे ती परकराविना लुगडे कमरेला आवळून नेसत होती. तिची जखम दोन वर्षांची होती आणि तपासणीत रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचल्याचे आढळले. दोघींनाही जुनाट व्रणातून उद्भवणारा त्वचेचा कर्करोग झाला होता. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये जुन्या व्रणांचे वर्णन केले, म्हणून अशा व्रणाला त्यांचे नाव आहे. भाजल्याचे जुने डाग, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमा, पायावरचे न भरणारे व्रण येथेही तो होतो.

या दोन्ही हकिगतींमध्ये दीड-दोन वर्षांचा काळ हातचा गेला होता. विदर्भात आजही हेच घडण्याची भीती आहे. कापूस वेचताना कमरेला फडके बांधून त्याच्या झोळीत कापूस साठवला जातो, त्या ओझ्याने गाठ अधिक रुतते. पारा चाळिशीपार गेला, की घामाने त्वचा ओली राहते आणि ओली त्वचा घर्षणाने लवकर सोलवटते. हळद, तेल, औषधाच्या दुकानातले मलम असे उपाय करत हंगाम काढला जातो. मजुरी बुडवून तालुक्याला जाण्याइतके हे दुखणे मोठे वाटत नाही, कारण सुरुवातीला ते फारसे दुखतच नाही.

कोणती लक्षणे ओळखावीत?

गाठीच्या जागी त्वचा काळवंडणे, जाड होणे, खाजणे आणि कोंडा सुटणे ही घर्षणाची नेहमीची लक्षणे. त्यानंतर काही जणांत त्या जागेचा रंग उडून पांढुरका पट्टा दिसतो. एवढ्यावरून कर्करोग झाला असे समजू नये. पण गाठीची जागा बदलण्याची ती सूचना समजावी.

धोक्याची लक्षणे पुढची आहेत. त्या पट्ट्यावर भेग किंवा जखम पडणे आणि नेहमीच्या उपचारांनंतरही तीन-चार आठवड्यांत न भरणे. भरल्यासारखी होऊन पुन्हा फुटणे. खपली धरणे, ती निघताच रक्त येणे. जखमेच्या कडा उचललेल्या, कठीण लागणे. तळातून फुलकोबीसारखे मांस वाढणे. दुर्गंधीयुक्त स्राव येणे. जांघेत किंवा काखेत गाठ हाताला लागणे. यांपैकी काहीही आढळले, तर मलम बदलत बसण्यात अर्थ नाही. जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवणे, म्हणजेच बायॉप्सी, हाच निदानाचा खात्रीचा मार्ग. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो हा समज निराधार आहे.

भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून बरेच संरक्षण देते, त्यामुळे गोऱ्या वर्णाच्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. मात्र कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि सावळ्या त्वचेत तो उन्हापासून झाकलेल्या जागीही होतो. तीळ किंवा डाग यांतून उद्भवणारा मेलॅनोमा हा प्रकार सर्वांत घातक. सावळ्या वर्णात तो तळपाय, तळहात आणि नखांखाली जास्त आढळतो. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये आढळला. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तिळाचे दोन अर्धे भाग सारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात अनेक रंग असणे, व्यास सहा मिलिमीटरहून मोठा असणे आणि रूपात झपाट्याने बदल होणे, या पाच खुणा डॉक्टर पाहतात. नखाखाली उभी काळी रेघ नव्याने उमटली आणि रुंदावत गेली, तर तीही दाखवून घ्यावी. अनवाणी चालणाऱ्या माणसाने तळव्यावरचा काळा डाग काट्याची खूण म्हणून सोडून देऊ नये.

वेळीच ओळखलेला कमरेचा कर्करोग शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. रोगट भाग भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह काढला जातो. गरज पडल्यास मांडीची त्वचा तेथे बसवली जाते. गाठींपर्यंत पोहोचलेल्या रोगासाठी मोठी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार लागतात. टाळण्याचा उपाय त्याहून सोपा. परकराच्या बारीक नाडीचा दाब चिंचोळ्या रेषेवर पडतो, म्हणून नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा. गाठ सैल ठेवावी आणि रोज थोडी वर-खाली बांधावी. घरी सैल कपडे घालावेत. कमरेची जागा रोज धुऊन कोरडी ठेवावी. पुरुषांच्या करगोट्याला आणि घट्ट पट्ट्यालाही हाच नियम लागू पडतो.

चट्टा कर्करोगाचा की कुष्ठाचा?

त्वचेवर पांढुरका चट्टा दिसला, की गावाकडे पहिली भीती वाटते ती कुष्ठरोगाची. या रोगाच्या अभ्यासातही खानोलकरांचे काम मोलाचे आहे. कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांमधील ऊतींचा त्यांनी केलेला अभ्यास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील मज्जातंतूंमध्ये लवकर शिरकाव करतात, यावर त्यांनी भर दिला. चट्ट्याच्या जागी स्पर्श, उष्णता किंवा टोचणे न कळणे ही कुष्ठरोगाची प्रमुख खूण याच कारणाने होते. गाठीच्या घर्षणाने पांढुरक्या झालेल्या पट्ट्यात संवेदना सहसा शाबूत असते. कोड असलेल्या त्वचेतही ती असते. हा फरक प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासता येतो आणि त्याने रुग्णाच्या मनावरचे मोठे ओझे उतरते.

कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवणे हे शास्त्रज्ञांपुढचे जुने कोडे आहे. खानोलकर, बापट आणि कमल रणदिवे यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून वेगळ्या केलेल्या जिवाणूला त्यांच्या संस्थेचेच आद्याक्षरी नाव मिळाले. पुढे त्याच जिवाणूपासून कुष्ठरोगाविरुद्ध लस तयार करण्याचे प्रयत्न मुंबईत झाले.

माणसे आणि संस्था घडवणारा संशोधक

मुंबईतील भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या उभारणीत आणि पहिल्या दीर्घ कालखंडात नेतृत्व खानोलकरांचे होते. पुण्याहून मुंबईला आलेल्या कमल रणदिवे टाटा रुग्णालयात दाखल झाल्या आणि १९४९ मध्ये त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेतून ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून आल्यावर त्यांनी या केंद्रात भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे क्षेत्र विकसित केले. सुपारी आणि तिखटाच्या संदर्भात चर्चिल्या जाणाऱ्या, तोंड उघडेनासे करणाऱ्या विकाराचा अभ्यास त्यांनी खानोलकरांसोबत केला. लक्ष्मीचंद संघवी यांच्यासह खानोलकरांनी मुंबईतील सहा समाजांच्या आनुवंशिक गुणधर्मांचा केलेला अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्री संशोधक विरळा असण्याच्या त्या काळात सूर्याबाई, रणदिवे, सिरसाट ही नावे त्यांच्या प्रयोगशाळेतील शोधनिबंधांवर दिसतात, ही गोष्ट लक्षणीय म्हटली पाहिजे.

देशभर विखुरलेल्या विकृतिशास्त्रज्ञांची संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली आणि तिचे संस्थापक अध्यक्षपद खानोलकरांकडे आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. अणुयुगाच्या सुरुवातीला किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी वैज्ञानिक समिती नेमली, तेव्हा भारताचे प्रतिनिधित्व त्यांनी केले. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग अधिक आहे. तेथील लोकसंख्येच्या अभ्यासाचे महत्त्व या काळात पुढे आले. किरणे आणि त्वचेचा कर्करोग यांचे नाते वैद्यकाला त्याआधीच महागात पडले होते. एडिसनचे सहकारी क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांनी हात भाजून झालेल्या कर्करोगाने १९०४ मध्ये दगावले होते.

खानोलकर १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याच १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली, ती देशातील पहिली. कोणता कर्करोग कोणाला होतो हे मोजल्याशिवाय त्याला आळा घालता येणार नाही, ही दृष्टी खानोलकरांच्या पिढीने रुजवली होती. टाटा रुग्णालय आणि कर्करोग संशोधन संस्था १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर या एका छत्राखाली आल्या. संशोधन विभाग २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे हलला. तेथील संशोधन इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे. डॉ. खानोलकर यांचे निधन २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी झाले.

काम अजून अपुरे

चुट्टा, खैनी आणि धोतर या तिघांपैकी तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी आज सरकारी जाहिराती आहेत, वेष्टनावर इशारे आहेत. कमरेच्या गाठीविषयी मात्र फारसे कोठे लिहिलेले नसते. स्त्रियांच्या आरोग्य तपासणी शिबिरांत रक्तदाब, साखर, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते. त्याच वेळी कमरेच्या वळाकडे एक नजर टाकण्यास वेगळा खर्च येत नाही. गावातील आशा स्वयंसेविका, परिचारिका किंवा घरातली लेक-सून हे काम करू शकते. संकोच असणाऱ्या वयस्क स्त्रीला हीच माणसे जवळची वाटतात.

संशयास्पद जखम असल्यास वाशीम जिल्ह्यातील रुग्णांना अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वर्धा-सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालये किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय गाठता येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. तुकडा तपासणीचा अहवाल हाती पडण्यास काही दिवस लागतात. तेवढ्या काळात परकराची गाठ सैल ठेवावी आणि जखमेवर कोणताही घरगुती लेप लावू नये. गाठीच्या जागी तीन-चार आठवड्यांहून जुनी जखम असेल, तर पुढचा हंगाम संपण्याची वाट न पाहता ती डॉक्टरांना दाखवावी.